परंतु सर

आमच्या सरांना "चहा घेणार का?" असं विचारू नये, हे मला नोकरी लागली त्याच आठवड्यात कळलं. धाराशिवच्या एका विधी महाविद्यालयात मी नवीन लागले होते आणि सर तिथले सर्वांत जुने प्राध्यापक होते. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. मी आपलं रीतीप्रमाणं विचारलं.

सरांनी पुस्तकातून डोकं वर काढलं. "घेणार का, असं विचारताय की घ्यावा का, असं?"

"फरक काय पडतो, सर?" मी म्हणाले. नवीन होते ना.

फरक काय पडतो ते ऐकण्यात माझा पुढचा तास गेला. माणूस काय करतो हे वेगळं आणि त्यानं काय करावं हे वेगळं. पहिल्यावरून दुसरं काढता येत नाही. रोज चहा घेतो म्हणून तो घ्यावा असं ठरत नाही, आणि सगळा कायदा या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत राहतो. सर बोलत होते तोवर चहा आला, त्याच्यावर साय धरली, सायीवर माशी बसली आणि शेवटी शिपाईमामा कप उचलून घेऊन गेले. "अहो, माझा चहा?" सर म्हणाले. मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, की तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?

पोरं त्यांना 'परंतु सर' म्हणायची. बाकीचे प्राध्यापक 'करार मोडला तर भरपाई द्यावी लागते' इथपर्यंत पोचायचे आणि तास संपवायचे. सर तिथून सुरू करायचे. "परंतु," म्हणायचे, आणि फळ्याकडं पाठ करून खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. पोरं पेन खाली ठेवायची. गाईडमध्ये त्या 'परंतु'च्या पुढचं काही नसायचं.

विचार आला की सर चालायचे थांबायचे. मग ते कुठंही असोत. बसस्टँडसमोरच्या रस्त्यात मधोमध उभे राहिलेत, एक हात अर्धा वर, आणि रिक्षावाले हॉर्न वाजवून दमलेत, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. सोबत असले की बोलणी मला बसायची. "ओ बाई, वडलांना जरा कडंला घ्या की!" हे माझे वडील नव्हेत, विभागप्रमुख आहेत, हे कुणाकुणाला सांगणार?

घरीही तेच. त्यांच्याकडं एक काळीभोर उस्मानाबादी शेळी होती. सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या भाभींनी, हौसेनं पाळलेली. एकदा ती सुटली आणि शेजारच्या काकूंची मेथी खाऊन आली. काकू काही बोलल्या नाहीत. सरच त्यांच्या दारात गेले.

"काकू, तुम्ही तक्रार करा."

"कशाची वं?"

"माझी. शेळी आमची, मेथी तुमची."

"ऱ्हाऊ द्या की सर. मेथीचं काय एवढं?"

"तुम्ही तक्रारच केली नाही तर मी उत्तर कसं देऊ?"

सर दारातून हलेनात. काकूंनी कंटाळून तक्रार केली. मग सरांनी स्वतःची बाजू मांडली, की कुंपण काकूंचं होतं आणि ते आधीपासून पडलेलं होतं. त्या दिवसापासून काकूंनी भाभींशी बोलणं सोडलं. "मेथी खाल्ली तव्हा बोलत होती," भाभी कपाळाला हात लावून सांगायच्या, "ह्यांनी इन्साफ केला आन् बोलणंच बंद झालं."

मीटिंगमध्ये सर एका बाजूनं बोलायला उभे राहायचे, बोलता बोलता स्वतःचंच खोडायचे आणि विरुद्ध बाजूला जाऊन बसायचे. "मघाशी मी जे म्हणालो, त्याला माझा विरोध आहे," असं एकदा ते खरोखर म्हणाले. आमचे प्राचार्य साखरेनं बेजार झालेले, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. सर बोलायला उठले की ते डोळे मिटून घ्यायचे. सुरुवातीला मला वाटायचं ऐकतायत.

शेवटच्या वर्षाला सर वकिली व्यवसायाची नीती शिकवायचे. सगळ्यांच्या लेखी हा सोपा पेपर. वकिलानं काय करावं, काय करू नये, पाठ करायचं आणि लिहायचं. सरांनी तो सगळ्यांत अवघड करून ठेवला होता. चांगला वकील आणि चांगला माणूस या दोघांना एकाच खुर्चीत बसवता येतं का, इथून ते वर्षाची सुरुवात करायचे आणि वर्ष संपलं तरी त्या दोघांना बसवायचे नाहीत. परीक्षा जवळ आली की पोरं काकुळतीला यायची. "सर, पेपरात काय लिहायचं ते तरी सांगा."

"जे पटेल ते लिहा."

"मार्क कशाला पडतील?"

"ते मला ठाऊक नाही. मला मार्क कशाला पडतील हेही मला अजून कळलेलं नाही."

आणि हजेरी. आमची निम्मी पोरं नोकरी, शेती, दुकान सांभाळून शिकणारी. येरमाळ्याहून, मुरूमहून, कुठनं कुठनं एसटीनं येणारी. त्यामुळं हजेरी थोडीफार सांभाळून घ्यायची, असं कुणी न सांगता सगळ्यांनी ठरवलेलं. सरांनी ठरवलेलं नव्हतं. वर्गात आहे त्याची हजेरी, नाही त्याची नाही. संस्थेतल्या एका बड्या माणसाचा पुतण्या त्यांनी अडवला होता, आणि तो माणूस स्टाफरूममध्ये येऊन ओरडून गेला तेव्हा सर त्याला अगदी मनापासून म्हणाले होते, "तुमचा राग बरोबर आहे. परंतु तो वर्गात नव्हता."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीही. मग माझ्या घरावर आलं.

माझं माहेर लोहाऱ्याचं. आमची मेंढरं राखणारी माणसं. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझा धाकटा भाऊ लोहाऱ्यात मोटारसायकलींचं गॅरेज चालवतो. त्याची बायको शीतल, हुशार पोरगी. लग्नाआधीच पदवी झालेली. तिला वकिलीला घाला म्हणून मीच घरात भांडले होते. तिनं पहिली दोन वर्षं जीप आणि एसटी करत नेटानं काढली. दुसरं वर्ष संपता संपता दिवस राहिले, शेवटच्या वर्षी ते जड गेले, मुरूमला माहेरी बाळंतपण झालं आणि मुलगा झाला. या सगळ्यात कॉलेज बुडालं. बाकीच्या प्राध्यापकांनी तिची हजेरी सांभाळून घेतली. माझ्या ओळखीमुळं असेल, माणुसकीनं असेल. एका विषयात ती कमी पडली. कुठल्या, ते सांगायला नको. परीक्षेला बसता येणार नाही, असं तिला कळवण्यात आलं.

भावाचा फोन आला. "ताई, ते तुझेच सर ना? एक शब्द टाक की."

एक शब्द! सरांकडं एक शब्द टाकला तर दोनशे परत येतात, हे त्याला कुठं ठाऊक? तरी मी गेले. रविवारची दुपार होती. भाभींनी शिरखुर्म्याची वाटी हातात दिली. मी बोलायला तोंड उघडलं आणि सरांनी विचारलं, "ती वर्गात होती का?"

"नव्हती सर. बाळंतीण होती."

"मग मी काय लिहू?"

"सगळे लिहितात तेच."

"सगळे लिहितात ही माहिती झाली, म्याडम. कारण झालं नाही."

माझं डोकंच उठलं. वाटी मी खाली ठेवली. "सर, तुमच्या त्या नीतीत बाळंतपण कुठं बसतं का? का ती पण पुरुषांनीच पुरुषांसाठी लिहून ठेवलीय? तुम्हाला काय, तुमचं तत्त्व राहिलं की झालं. वर्ष तिचं जाणार. पुढल्या वर्षी लेकरू आणखी मोठं, घर आणखी मोठं, तिला कुणी पाठवणार नाही. संपलं शिक्षण."

आतून भाभी म्हणाल्या, "आपली मुन्नी झाली तव्हा बी हे कॉलेजातच होते. पेपर होता म्हणं." सर हात अर्धा वर घेऊन बसून राहिले. मी शिरखुर्मा तसाच टाकून निघून आले.

सोमवारी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. "म्याडम, मला तुमच्या भावजयीचं वकीलपत्र पाहिजे."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण चेष्टा त्यांना येत नसे. त्यांचं म्हणणं असं होतं, की योग्य कारण असेल तर प्राचार्य सूट देऊ शकतात, त्याआधी शिक्षकाचं म्हणणं मात्र ऐकावं लागतं. शिक्षक म्हणून त्यांची हरकत होती आणि ती ते घेणारच. परंतु पोरीच्या बाजूनंही कुणीतरी नीट बोललं पाहिजे, आणि कॉलेजात त्यांच्याविरुद्ध नीट बोलू शकेल असं त्यांना स्वतःशिवाय कुणी दिसत नव्हतं.

"सर, मी बोलते की तिच्या बाजूनं."

"तुम्ही चिडता," सर म्हणाले. हे ऐकून मी आणखी चिडले.

पक्षकाराला भेटल्याशिवाय वकील उभा राहत नाही. म्हणून आम्ही लोहाऱ्याला निघालो. स्टँडवर ही गर्दी. मी खिडकीतून माझी ओढणी आत टाकून दोघांची जागा धरली, रेटारेटीतून वर चढले आणि सरांसाठी जागा राखून बसले. सर निवांत सगळ्यांच्या मागून चढले. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेजवळ एक टोपीवाले आजोबा उभे होते.

"सर, बसा ना."

"हे माझ्या आधी चढलेत."

"पण जागा मी धरलीय."

"ओढणी टाकल्यानं ताबा होतो का, हा प्रश्न आहे," सर म्हणाले. अख्ख्या बसला ऐकू जाईल असं. मग ताबा म्हणजे काय, मालकी म्हणजे काय, सरकारी गाडीतल्या बाकड्यावर कुणाचा कसला हक्क, सगळं निघालं. दोन प्रवासी त्यांच्या बाजूनं झाले, एक बाई माझ्या. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "काका, बसताव का उतरताव? घंटी मारायचीय मला." आजोबा तोवर शांतपणे बसून झोपले होते. सर लोहाऱ्यापर्यंत दांडी धरून उभे. गाडी आदळली की ते माझ्यावर आदळायचे आणि "माफ करा" म्हणायचे.

घरी आई दारातच होती. तिला सगळं कळलेलं. तिनं सरांना पाणी दिलं, घोंगडं अंथरलं आणि मग तोंड सोडलं. "तुमीच न्हाय म्हनलाव न्हवं? मंग आता कशापायी आलाव?"

"मी तिच्या बाजूनं बोलायला आलोय, आई."

"आन् न्हाय म्हनणारं कोन हाय?"

"तेही मीच."

आईनं माझ्याकडं बघितलं. "ह्येंची तब्येत बरी हाय न्हवं?"

पुढं सर म्हणाले, की पक्षकाराशी एकट्यानं बोलायचंय. एका परक्या पुरुषाला आमच्या घरातल्या सुनेशी एकट्यानं बोलायचंय! भाऊ गॅरेजातून धावत आला होता, तो ताठ झाला. आईनं पदर खोचला. मी मधे पडून तोड काढली. अंगणात, मेंढरांच्या कुंपणाशी दोघांनी बसावं. सगळ्यांना दिसावं, ऐकू जाऊ नये. तसं ठरलं. आम्ही तिघं ओसरीवर, भाऊ बाळाला मांडीवर घेऊन, आणि समोर सर आणि शीतल. सर काहीतरी थोडंसं विचारत होते आणि शीतल बोलत होती. आमच्या घरात ती एवढं बोललेली मी कधी पाहिली नव्हती. मधेच तिनं डोळे पुसले. सरांनी मान हलवली. मग तिनं जोरात नकारार्थी मान हलवली, सरांनी काही विचारलं, तिनं परत तसंच केलं.

"काय बोलली ती?" परतीच्या गाडीत मी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"सर, ती माझी भावजय आहे. घर माझं आहे."

"पक्षकार माझी आहे."

धाराशिव येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये ऐकून घेण्याचं ठरलं. घरची म्हणून मीही एका कडेला बसले. सर आधी टेबलाच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि प्राध्यापक म्हणून बोलले. जो वर्गात आला नाही तो आला असं लिहायला शिकवणाऱ्यानं उद्या वकिलांना खरं बोला म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? बोलले मात्र चांगलं. मग टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला गेले आणि वकील म्हणून बोलायला लागले. ते तर इतकं सुंदर बोलले की माझा राग अर्धा उतरला. नियम कुणाला डोळ्यांपुढं धरून केला, गर्भारपणात जीपच्या मागच्या फळीवर बसून येणारी बाई तो करणाऱ्याच्या डोळ्यांपुढं होती का, आणि नसेल तर ते न दिसणं हा कुणाचा दोष? मग त्यांना आपल्याच बोलण्यात खोट सापडली आणि ते परत डावीकडं निघाले.

"सर, एका जागी उभारून बोला हो," प्राचार्य म्हणाले. "मान दुखायली माझी."

त्यांनी डॉक्टरांचा दाखला पुढं घेतला. बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे दिवस त्यात होते. "हे मी धरतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नंतर डॉक्टरांनी हिंडाफिरायला परवानगी दिलीय. ती लोहाऱ्याला आली. त्यानंतरही किती दिवस कॉलेज चालू होतं. तेव्हा का आली नाही?"

सर उजव्या बाजूला उभे होते. गप्प झाले.

"सर?"

"याचं उत्तर मला ठाऊक आहे," सर म्हणाले. "परंतु मी ते देणार नाही."

"का?"

"पक्षकारानं विश्वासानं सांगितलंय. सांगू नका म्हणालीय."

"बरं, मग प्राध्यापक म्हणून सांगा."

"प्राध्यापक म्हणून मला ठाऊक नाही."

प्राचार्यांनी डोळे मिटले. या खेपेला मी त्यांना दोष दिला नाही. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग माझेही हात बांधलेले आहेत, सर. कारणाशिवाय सूट कशी देऊ?"

बाहेर व्हरांड्यात मी सरांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पोरं वर्गाच्या खिडक्यांतून बघत होती. सर मान खाली घालून ऐकत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मी तिला परत परत विचारलं होतं, म्याडम."

मी फाटकाशी जाऊन शीतलला फोन लावला. "गेलं तुझं वर्ष. सर तोंड शिवून बसले."

मग ती म्हणाली, "ताई, त्यांनी सांगितलं न्हाय?"

"नाही."

"काहीच न्हाय?"

"काहीच नाही गं. काय सांगायचं होतं?"

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडतंय तोवर ती दारात हजर. काखेत बाळ, मागं माझा भाऊ, त्याच्या खांद्याला दुपट्यांची पिशवी. तिनं मला थांबायलाही सांगितलं नाही, सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. सरांना बोलावणं गेलं. मी तिच्या मागोमाग शिरले. भाऊ दारातच थांबला.

"सर, मला यायचं होतं," ती प्राचार्यांना म्हणाली. "डॉक्टर जा म्हणाले होते. मी बाळाला घेऊन यायला तयार होते. घरात मला येऊ दिलं न्हाय. ताई कॉलेजात हाय, हजेरी आपोआप लागती, कशाला हेलपाटे घालतीस, म्हणाले. मी रोज सकाळी आवरून बसायची. रोज न्हाय म्हणायचे. घरची गोष्ट बाहेर कशाला, म्हणून मीच सरांना सांगू नका म्हणाले होते. आता मी सांगते. लिहून घ्या."

मी दाराकडं पाहिलं. भाऊ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत उभा होता. माझ्या नावावर माझ्याच घरात हे चाललं होतं आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. ज्या पोरीला शिकू द्या म्हणून मी भांडले होते, तिला माझ्या भरवशावर घरी बसवली होती.

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "वकीलसाहेब, तुमचं काय म्हणणं?"

"माझ्या पक्षकाराला आता वकिलाची गरज नाही," सर म्हणाले. "मी वकीलपत्र सोडतो."

"आणि प्राध्यापकांचं?"

सरांचा हात अर्धा वर गेला. बाळानं रडायला सुरुवात केली, तरी हात तिथंच. शेवटी ते म्हणाले, "सूट द्यायला प्राध्यापकाची हरकत नाही. परंतु बुडलेले तास मी भरून घेणार."

मी कपाळाला हात लावला. शीतलला मात्र हसू आलं. त्या केबिनमध्ये तिला हसू आलं!

सरांनी खरोखर तास भरून घेतले. परीक्षेआधीच्या सुट्टीत, रिकाम्या कॉलेजात, रिकाम्या वर्गात, एका विद्यार्थिनीसमोर उभे राहून. शिपाईमामांनी वर्ग उघडून द्यायला किरकिर केली. भाऊ तिला मोटारसायकलवरून घेऊन यायचा आणि तास संपेपर्यंत बाळाला घेऊन आवारातल्या लिंबाखाली बसायचा. बाळ रडायचं, भावाला अंगाई येत नसे, म्हणून तो गॅरेजात वाजतात ती गाणी म्हणायचा. मी एकदा सरांना म्हटलं, ऊन वाढलंय, आज थोडं लवकर सोडा. "तास म्हणजे तास, म्याडम." भाऊ माझ्याशी काही महिने नीट बोलला नाही, आणि मीही त्याच्याशी. आई मात्र एके दिवशी फोनवर म्हणाली, "पोरगी आता सकाळी जाती म्हनती तव्हा म्या इचारीत न्हाय. जा म्हनते."

शीतल पास झाली. सनद घेतली. सर त्यानंतर वर्षभरात निवृत्त झाले.

निवृत्त झाले म्हणजे सुटले असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी भाजी निवडत असते आणि फोन वाजतो. "म्याडम, त्या दिवशी मी गप्प बसलो, ते बरोबर होतं का?" मी म्हणते, होतं. "परंतु ती आलीच नसती तर? माझ्या गप्प बसण्यानं तिचं वर्ष गेलं असतं." मग मी म्हणते, बरोबर नव्हतं. "परंतु तिनं सांगू नका म्हटलं होतं." मी म्हणते, सर, कुकरची शिट्टी होतेय. किती वेळा हे झालं असेल! एकदा वैतागून मी शीतललाच विचारलं, तूच सांग आणि मिटव एकदाचं. ती फाईल बांधत होती. म्हणाली, "ताई, तेव्हा माझ्याबद्दल सगळेच ठरवत होते. तू, हे, आई, कॉलेज. सांगायचं का न्हाय, एवढं एकच त्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं." मी हे सरांना कळवलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न विचारायला परत फोन केला.

गेल्या उन्हाळ्यात शीतल लोहाऱ्याच्या कोर्टात पहिल्यांदा एकटीनं उभी राहिली. दोन भावांचं विहिरीच्या पाळीचं भांडण होतं. मी रजा टाकून गेले. सर माझ्याआधीच मागच्या बाकावर येऊन बसलेले. ती चांगली बोलली, निदान मला तरी तसं वाटलं. निकाल विरुद्ध गेला. बाहेर आल्यावर मी तिला जवळ घेतलं आणि छान बोललीस म्हणाले. भाऊही छान म्हणाला. तिनं सरांकडं बघितलं.

"समोरचा वकील जास्त चांगला बोलला," सर म्हणाले.

माझा संयम सुटला. कोर्टाच्या आवारात, माणसांदेखत मी त्यांच्यावर ओरडले. "सर, एक दिवस! आयुष्यात एक दिवस नुसतं छान म्हणता येत नाही का तुम्हाला?"

त्यांना काय चुकलं तेच कळेना. ओशाळून ते माझ्याकडं बघत राहिले. "म्हणजे, नसताना म्हणायचं?"

"ताई, राहू दे," शीतल म्हणाली. तिनं अंगावरचा काळा कोट काढून भावाकडं दिला, कँटीनसमोरचं बाकडं ओढलं आणि सरांच्या समोर बसली. "छान तर सगळेच म्हणणारेत. उद्या मला परत उभं राहायचंय. सर, कुठं चुकलं ते सांगा."

सर बसले. हात अर्धा वर गेला आणि ते बोलायला लागले. भाऊ कोट हातात घेऊन माझ्याकडं बघायला लागला. मी आईला फोन लावला, आज जेवायला सर आहेत, भाकरी वाढवून टाक म्हणाले.

"मास्तर हायत व्हय?" आई म्हणाली. "मंग निवांत या. म्या बी चूल निवांतच पेटविते."